बाबागाडीतला बाबा

न्यूर्नबर्गच्या स्थानकात लिफ्टसमोर आम्ही दोघी उभ्या होतो. लेकीने विचारले, "आई, स्ट्रोलरचा ब्रेक लावलास का गं?" मी म्हटले, "बाबागाडीचा? लावला." समोरच्या पाटीवर चित्राखाली शब्द होता 'किंडरवागेन'. एकाच वस्तूची तीन नावे दोन हातांच्या अंतरात गोळा झाली होती. ज्याच्यासाठी ही वस्तू, तो आमचा पावणेदोन वर्षांचा नातू एका पायातला बूट काढून दुसऱ्याच्या मागे लागला होता.

इंग्रजी शब्दात नुसते रमतगमत चालणे आहे. कोण चालते आणि कोण बसते याचा त्यात पत्ता नाही. जर्मन शब्द सरळ आहे. किंड म्हणजे मूल, वागेन म्हणजे गाडी. आपल्या शब्दात गाडी आहे, पण मुलाच्या जागी बाबा आहे. हा बाबा कोण? गाडीत बसलेला, की मागून ती ढकलणारा? त्या आठवड्यात गाडी बहुतेक वेळ जावईच ढकलत होते. म्हणजे 'बाबा'चे दोन्ही अर्थ सतत माझ्यापुढे चालत होते.

आधी गाडीचे बघू. प्राकृतात गड्ड, गड्डी अशी रूपे सापडतात. संस्कृतात गम् धातूपासून 'गन्त्री' आहे, अर्थ बैलगाडी. गन्त्रीतून गड्डी काढण्याचा मोह होतो, पण न्त्रचा ड्ड होणे कठीण. शब्द मुळात देशी असावा. वागेनची वंशावळ मात्र लख्ख आहे. मूळ धातू तोच, जो संस्कृतात वह् म्हणून दिसतो आणि ज्याच्यापासून आपले वाहन, वाहणे, विवाह हे शब्द आले. रस्त्याला जर्मनमध्ये वेग म्हणतात, तोही याच घरातला. सातवाहन या नावाची फोड कशी करायची यावर एकमत नाही. पण त्यातले 'वाहन' आपल्याला दिसते तेच असेल, तर पैठणचा राजवंश आणि फोल्क्सवागेन यांचे उत्तरपद एकाच धातूचे आहे.

किंडही तसाच जवळचा. जन् धातूपासून संस्कृतात 'जात', म्हणजे जन्मलेले. त्याचे जर्मन भावंड किंड. संस्कृतातल्या अशा ज च्या जागी जर्मनिक भाषांत क येतो. या अदलाबदलीचे नियम याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये नीट मांडले. परीकथांचे संकलन करणारा तो हाच. किंडरवागेनला संस्कृत पोशाख घालायचा तर तो 'जातवाहन' होईल.

न्यूर्नबर्गमध्ये चढ फार. किल्ल्याकडे जाणारी गल्ली चढून गेले की माथ्यावरच्या वेशीपाशी आल्ब्रेख्त ड्यूररचे लाकडी चौकटींचे उंच घर उभे दिसते. १५०९ पासून १५२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा चित्रकार तिथे राहिला. नातवाला त्या दिवसांत दाराचे वेड लागले होते. लिफ्ट असो, रेल्वेचा डबा असो की कुणाचे घर, बंद दार दिसले की त्यावर तळहात आपटून तो म्हणे, "दाल!" र अजून जिभेवर यायचा होता. ड्यूररच्या दारापाशीही त्याने तेच केले, आणि मला वाटले, या घराला याहून योग्य हाक कुणी दिली नसेल.

कारण ड्यूरर या आडनावातच दार आहे. चित्रकाराचे वडील सोनार होते. ते हंगेरीतल्या आयतोश गावचे, १४५५ मध्ये न्यूर्नबर्गला आले. हंगेरीच्या भाषेत 'आयतो' म्हणजे दार. इथे येऊन त्यांनी गावाचे नाव भाषांतरून घेतले. जर्मनमध्ये दाराला 'ट्यूर' म्हणतात, त्यावरून ट्यूरर, आणि इथल्या मवाळ उच्चारात ड्यूरर. घराण्याच्या मानचिन्हावर मुलाने उघडे दार कोरले. ट्यूर, ग्रीक थुरा, फारसी दर, संस्कृत द्वार, मराठी दार ही सगळी एका घरची. तुलनेच्या हिशेबाने संस्कृतात खरे तर 'ध्वार' हवे होते. तो ध गळून द कसा झाला? दाराला दोन फळ्या असतात, म्हणून 'द्वि' या शब्दाची छाया पडली असावी, असे अभ्यासक सांगतात. मला हे स्पष्टीकरण फार आवडते. आपल्या वाड्याच्या दाराच्या दोन्ही फळ्या त्यात करकरतात.

दोन दिवसांनी आम्ही रोथेनबुर्गला गेलो. टाउबर नदीच्या खोऱ्यावर वसलेले हे तटबंदीचे गाव आहे. ३१ मार्च १९४५ च्या बाँबफेकीत तटाचा मोठा तुकडा कोसळला. जगभरच्या लोकांनी पैसे पाठवून तो पुन्हा उभा केला, आणि देणाऱ्यांची नावे तटातल्या दगडांवर कोरलेली आहेत. गावात शिरलो तशी बाबागाडीची पुढची चाके थरथरू लागली. रस्ता सगळा गोटीव दगडांचा. दोन दगडांच्या फटीत चाक बसले की गाडी तिथेच रुतायची. शेवटी नातवाला उतरवले, त्याने आजीचे बोट सोडले, चार पावले दुडूदुडू धावला आणि गुडघ्यावर पडला.

या रस्त्याला जर्मनमध्ये नाव आहे 'कोप्फश्टाइनप्फ्लास्टर'. कोप्फ म्हणजे डोके, श्टाइन म्हणजे दगड. डोक्याएवढ्या गोल दगडांचा रस्ता. हे कोप्फ मुळात लॅटिन 'कुप्पा', म्हणजे पेला. पेल्याचे डोके कसे झाले? संस्कृताला हे नवल वाटणार नाही. कपाल म्हणजे खापराचे भांडे, भिक्षेचे पात्र आणि माणसाची कवटीही. मराठी कपाळ त्यातूनच आले, फक्त कवटीवरून सरकून पुढे भुवयांच्या वर थांबले. भांड्यावरून डोक्याला नाव देण्याची खोड दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागलेली दिसते.

आपला शब्द फरसबंदी. अरबीत 'फर्श' म्हणजे पसरलेले, अंथरलेले, बिछायत. फारसीतून तो आपल्याकडे आला, फर्शचा फरस झाला, जसा शर्मचा शरम आणि नर्मचा नरम. 'बंदी'तला बंद फारसी असला तरी संस्कृत बंध् आणि जर्मन 'बिंडेन' यांचा सख्खा. म्हणजे फरसबंदी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी सतरंजी होती, दगड नंतर आले. जर्मनांच्या डोळ्यांपुढे मात्र मलम होते. प्फ्लास्टर हा ग्रीक 'एम्प्लास्ट्रॉन'चा वंशज, आणि एम्प्लास्ट्रॉन म्हणजे अंगावर थापायचा लेप. लेपावरून भिंतीचा गिलावा, गिलाव्यावरून रस्त्यावर थापलेली दगडांची साल, असा अर्थ पसरत गेला असावा. जुना वैद्यकी अर्थ तसाच राहिला. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीलाही जर्मन माणूस आज प्फ्लास्टरच म्हणतो.

हे मला औषधांच्या दुकानात उमगले. नातू रडत होता. घरातली मराठी आणि पाळणाघरातली जर्मन अशा दोन भाषांत त्याचे दुखणे चालले होते. एकदा "बाऊ", एकदा "आउआ". काउंटरवरच्या बाईंनी वाकून गुडघा पाहिला. "क्नी?" त्या म्हणाल्या, आणि खणातून प्राण्यांची चित्रे असलेली पट्टी काढून देताना पुढे म्हणाल्या, "प्फ्लास्टर." प्फ्लास्टरवर पडलेल्या पोराला प्फ्लास्टरच लागले. आणि क्नी? तोच मघाचा नियम, ज च्या जागी क. क्नी म्हणजे संस्कृत जानु. मराठीने रोजच्या वापरासाठी गुडघा घेतला आणि जानु 'आजानुबाहू' राजांच्या वर्णनात ठेवून दिला. किंड आणि क्नी, जात आणि जानु, असे चार शब्द त्या एका लहानशा पट्टीखाली एकत्र आले.

दुकानाचे नाव 'आपोटेके'. तेही ग्रीक, मूळ अर्थ साठवणीची कोठी. तोच शब्द फ्रेंचमधून फिरून आला की बुटीक होतो.

गावाच्या पश्चिम टोकाला एक वेस आहे, 'बुर्गटोर'. तिच्यापलीकडे एके काळी किल्ला होता, १३५६ च्या भूकंपात तो ढासळला असे सांगतात. आता तिथे बाग आहे. बुर्ग गेला, पण वेशीच्या आणि गावाच्या नावात राहिला. या बुर्गचे मूळ 'उंच' असा अर्थ असलेल्या शब्दात दिसते. जर्मन 'बेर्ग', म्हणजे डोंगर, त्याचा भाऊ. संस्कृतात त्याचेच रूप बृहत्. अवेस्तेत 'बरेझन्त' आहे, आणि इराणच्या अलबुर्झ पर्वताच्या नावात तो अजून उभा आहे. फारसीत त्याच घरचा शब्द बुलंद. टोर म्हणजे मोठे दार, ट्यूरचा सख्खा, म्हणून फारसी दरचाही. आता बुर्गटोर फारसीच्या तोंडून म्हणून पाहा. बुलंद दर. फतेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजाखाली उभा राहिलेला मराठी प्रवासी आणि बुर्गटोरखाली उभी असलेली मी, दोघांच्या डोक्यावर एकाच जोडीतले शब्द होते.

मग आपला बुरूज? तो अरबी 'बुर्ज'वरून आला हे उघड. पण अरबीने तो ग्रीक 'प्यूर्गोस' किंवा लॅटिन 'बुर्गुस' यांच्याकडून घेतलेला दिसतो. प्यूर्गोस स्वतः ग्रीकात परका वाटतो. ग्रीकांच्या शेजारच्या कुठल्या तरी जुन्या भाषेतून, याच 'उंच'वाल्या मुळापासून, तो आला असावा असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर रायगडाचा बुरूज आणि रोथेनबुर्गचा बुर्ग लांबचे का होईना, भाऊ ठरतात; एक अरबीच्या वाटेने आलेला, एक घरीच राहिलेला. बुर्गुसच्याच कुळात फ्रेंच 'बूर्ज्वा' निघाला, तटाच्या आत राहणारा नागरिक. आपल्या डाव्या लेखनात तो चांगलाच रुळला.

प्रवासाचा शेवट ग्योटिंगेनला झाला. पुणेकर संस्कृतवाल्याला हे नाव परके नाही. डेक्कन कॉलेजात शिकवलेले फ्रान्झ कीलहॉर्न पुढे इथे प्राध्यापक झाले, आणि १८८५ मध्ये इथल्या विद्यापीठाने रा. गो. भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ग्रिम बंधूही इथलेच प्राध्यापक. हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्राध्यापकांनी निषेध केला, त्यांत हे दोघे होते; १८३७ मध्ये सातांच्याही नोकऱ्या गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी जर्मन शब्दकोशाचे काम अंगावर घेतले. पहिला खंड १८५४ मध्ये निघाला, शेवटचा १९६१ मध्ये.

चौकात हंसीण घेतलेल्या मुलीचा पुतळा असलेले कारंजे आहे. बाबागाडी तिथे लावून मी बसले होते. शेजारच्या वयस्कर बाईंनी नातवाकडे बोट करून विचारले, "एंकेल?" मी मान हलवली, आणि मग शब्दातच अडकले. नातू हा आपला शब्द संस्कृत नप्तृवरून आला. त्याचा जर्मन भाऊबंद 'नेफे' आता पुतण्या-भाच्याकडे वळला आहे. नातवासाठी जर्मनने एंकेल घेतला. तो 'आन', म्हणजे आजा, पूर्वज, या शब्दाचे लाडके लघुरूप आहे. एंकेल म्हणजे छोटा आजोबा. आजा नातवात परत येतो, या समजुतीतून हे नाव पडले असावे.

माझ्या थोरल्या दिरांना त्यांच्या आजोबांचे नाव ठेवले होते. आपल्या सासऱ्यांचे नाव सासूबाई तोंडात कशा घेणार? त्या मुलाला जन्मभर 'तात्या' म्हणत. आणि तात्यातला 'तात' संस्कृतातही दोन्ही दिशांना चालतो, बापालाही आणि लेकरालाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला तात म्हणतो. अरब आई-बापही मुलाला हाक मारताना आपलेच नाते त्याला लावतात. बाप मुलाला बाबा म्हणतो. आपल्या बाबागाडीतल्या बाबावर साहेबांच्या बंगल्यातल्या 'बाबालोकां'ची आणि इंग्रजी बेबीची सावली पडली असेल, गाडी त्याच काळातली आहे. पण शब्दाला दोन तोंडे फुटली ती त्याच्या कितीतरी आधी, असे मला वाटते.

चौकाच्या पलीकडून जावई दोन हातांत कॉफीचे पेले सांभाळत आले. नातू गाडीतून पुढे झुकून ओरडला, "बाबा!"

"आलो रे बाबा," ते म्हणाले.