हाताची फुलदाणी : राजवाड्यातली की फिरोजाबादची?

मंडळाच्या श्रावणातल्या बैठकीत मी एक काचेची फुलदाणी टेबलावर ठेवली होती. त्या दिवशी काय झालं ते हजर असलेल्यांना आठवत असेलच. जे नव्हते त्यांच्यासाठी, आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेलं उत्तर पुरं करण्यासाठी, हे टिपण.

फुलदाणी मला शुक्रवारी बाजारात मिळाली. विकणारा म्हणाला, "साहेब, आ तो पॅलेसनो माल छे." वडोदऱ्याच्या जुन्या बाजारातलं प्रत्येक दुसरं कुलूप आणि प्रत्येक तिसरा कंदील लक्ष्मी विलास पॅलेसमधूनच आलेला असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मी हसलो, थोडी घासाघीस केली आणि अडीचशे रुपयांना ती घरी आणली.

उंची साडेएकोणीस सेंटीमीटर. घाट असा, की मनगटापासून वर आलेला माणसाचा हात आणि त्या मुठीत धरलेलं निमुळतं पात्र. मनगटावर चक्क घड्याळ! रंग झेंडूच्या फुलासारखा, पण उजेडात फिरवली की गुलाबी, हिरवी, निळी झाक सरकत जाते. मोराच्या पिसावर किंवा साबणाच्या फुग्यावर दिसते तशी.

बैठकीत मी ती "ओळखा पाहू" म्हणून ठेवली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक मावशी उठून पुढे आल्या, फुलदाणी हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही आमच्या घरची आहे." वय चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील बडोदा सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते. सयाजीराव महाराजांनी हीरक महोत्सवात वडिलांना ही फुलदाणी स्वहस्ते दिली, असं त्यांनी सांगितलं. दांडिया बाजारातलं जुनं घर पाडायला दिलं तेव्हा पुतण्यांनी सामान भंगारात काढलं, त्यात ती गेली.

फुलदाणी परत द्यायची हे मी तिथेच ठरवलं. पण दोन दिवसांनी पुतण्याचा फोन आला. त्याने बैठकीतला फोटो कुणा व्यापाऱ्याला पाठवला होता आणि व्यापाऱ्याने "टिफनी असेल तर लाखांत जाईल" असं कळवलं होतं. "काका, मावशीकडे देऊ नका, आमच्याकडे द्या." आठवड्याभरात दुसऱ्या पुतण्याचाही फोन आला. अडीचशेच्या वस्तूवरून घरात दोन तट पडायला लागले. तेव्हा ही वस्तू नक्की काय आहे, हे शोधणं भाग पडलं.

झाक कुठून येते?

आधी थोडं तंत्र. मी तीस वर्षं यंत्रांत काढली आहेत, त्यामुळे माझी सुरुवात तिथूनच होते.

ही झाक म्हणजे काचेत मिसळलेला रंग नव्हे. काच तापलेली असतानाच तिच्यावर धातूच्या क्षारांचा फवारा मारतात, बहुधा कथिलाच्या किंवा लोहाच्या क्लोराईडचा. त्याचा अतिशय पातळ ऑक्साईडचा थर काचेवर पक्का बसतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि कोन बदलला की रंग बदलतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतात तेच हे रंग. बिनरंगी काचेवर लोहक्षार मारला की झेंडूचा रंग येतो.

जमिनीत पुरलेल्या रोमन काचेवरही अशी झाक असते, पण ती शतकानुशतकं काच झिजल्यामुळे आलेली. ते पाहूनच एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय कारागिरांना हे मुद्दाम करून बघावंसं वाटलं. व्हिएन्नाच्या १८७३ च्या जागतिक प्रदर्शनात लोबमायर या घराण्याने अशी काच मांडली. पुढे बोहेमियातल्या लोट्झ कारखान्याने आणि न्यूयॉर्कच्या लुई टिफनीने तिला मोठ्या कलावस्तूचा मान दिला. टिफनीच्या 'फॅव्हरिल' काचेची सुरुवात १८९० च्या दशकातली. हा श्रीमंतांचा माल होता. मग १९०७-०८ च्या सुमारास अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या फेंटन कारखान्याने साच्यातली स्वस्त काच फवारून तोच थाट सामान्य घरात पोचवला. जत्रेत बक्षीस म्हणून ही भांडी वाटली जात, म्हणून संग्राहकांनी पुढे तिला 'कार्निव्हल ग्लास' हे नाव दिलं.

टिफनी का नाही

टिफनी आणि लोट्झचे चांगले नग फुंकणीवर, हाताने घडवलेले असत. कारागीर बुडाला लोखंडी दांडा चिकटवून काठ घडवी. दांडा तोडल्यावर तिथे खूण राहते किंवा ती घासून गुळगुळीत केलेली असते. टिफनीच्या बुडावर बहुधा कोरलेली सही किंवा आद्याक्षरं असतात.

आपल्या फुलदाणीच्या बुडाला यातलं काही नाही. उलट दोन्ही बाजूंनी खालपासून वरपर्यंत जाणारी बारीक रेघ बोटाला लागते. हा साच्याच्या दोन भागांचा सांधा. म्हणजे साच्यातला माल. व्यापाऱ्याचं "लाखांत" इथेच संपलं.

मग कोणता साचा? साच्यातली काच दोन तऱ्हेने होते. दट्ट्याने दाबून केली तर आतली बाजू गुळगुळीत राहते, नक्षी फक्त बाहेर. साच्यात फुंकून केली तर बाहेरचे उंचवटे आत खळगे होऊन उमटतात. मी आत बोट घातलं तर मुठीची बोटं आतूनही जाणवली. म्हणजे फुंकलेली. व्हर्निअर कॅलिपरने काठाची जाडी मोजली, दोन मिलिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखी नाही. वजन २८० ग्रॅम. काठ भट्टीत गोल केलेला नाही, कापून घासलेला आहे.

अमेरिकेतला फेंटन, नॉर्थवूड, इंपीरियल यांचा माल, तसाच बोहेमियातल्या इनवाल्ड आणि रिंडस्कॉफचा किंवा जर्मनीतल्या ब्रॉकविट्झचा माल मुख्यतः दाबलेला, जाड आणि हाताला जड लागणारा असतो. आपली फुलदाणी त्या मानाने पापडासारखी. बैठकीत कुणीतरी "आपल्या अलेंबिकची असेल" असंही म्हणालं होतं. पण अलेंबिकचे येरा पेले घराघरांत आहेत. ते यंत्रावर बनलेले, एकसारखे, स्वच्छ पारदर्शक. ही त्या जातीची वस्तू नव्हे.

फिरोजाबाद

पातळ, हलकी, साच्यात फुंकलेली, झेंडूच्या रंगाची, झाक कुठे दाट तर कुठे विरळ. ही सगळी लक्षणं एकत्र येतात ती भारतीय कार्निव्हल काचेत. तिचं मुख्य ठिकाण बांगड्यांचं गाव फिरोजाबाद आणि सर्वांत प्रसिद्ध नाव तिथल्या जैन ग्लास वर्क्सचं. त्यांच्या काही पेल्यांच्या बुडाला जैन हे नाव इंग्रजी अक्षरांत साच्यातच उठवलेलं असतं. सोंड वर वळवलेला हत्ती, शेपटी उंचावलेला मासा आणि घड्याळ घातलेला हात अशा घाटाच्या फुलदाण्या त्यांच्याच म्हणून संग्राहक ओळखतात. हातही डावा आणि उजवा, दोन्ही मिळतात. आपल्या फुलदाणीवर नाव नाही, पण घाट, काच आणि काम तिन्ही त्या घराण्याचं आहे. म्हणून मी ती जैन कारखान्याची मानतो.

फिरोजाबाद म्हटलं की आपल्या लोकांना ते परकं वाटतं, पण भारतीय काचेच्या गोष्टीत मराठी माणूसही आहे. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंड काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. तो चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले. त्यांनीच पुढे तिकडे बहजोईला कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल अडला तेव्हा, १९१६ मध्ये, ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना सुरू केला आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. काचेला सोडा लागतो. तो देशात मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी टाटा केमिकल्स १९३९ साली निघाली ती मिठापूरला, म्हणजे बडोदा संस्थानाच्याच ओखामंडळात.

वय

घड्याळाने पहिली मदत केली. पहिल्या महायुद्धापूर्वी पुरुष खिशात घड्याळ ठेवत. मनगटी घड्याळ सर्रास झालं ते सैनिकांमुळे, त्या युद्धानंतर. म्हणजे १९२० च्या अलीकडे. जैन कारखान्याची ही काच १९३० च्या दशकाच्या मध्यापासूनची आणि कारखाना बंद झाला १९८६ च्या सुमारास. बुडाची झीज भिंगाखाली पाहिली. ओरखडे सर्व दिशांनी, कमीजास्त खोल. वर्षानुवर्षं फळीवर सरकल्याचे. नव्या मालाला जुना दाखवण्यासाठी घासतात तेव्हा ते एकाच दिशेने जातात. म्हणजे नग जुनाच.

आता मावशींच्या सांगण्याकडे वळू. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी गेले. हीरक महोत्सव १९३६ चा. तेव्हा ही फुलदाणी महाराजांच्या हातून येणं काळाच्या हिशेबाने अशक्य नाही, पण खिडकी फार अरुंद आहे. शिवाय मावशींचा जन्म १९४१ चा. म्हणजे दिल्याचा प्रसंग त्यांनी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. हे त्यांना तोंडावर कसं सांगायचं, हा प्रश्न मला काचेपेक्षा अवघड होता.

मी त्यांना एवढंच विचारलं, "मावशी, घरचे काही जुने कागद राहिलेत का?" त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात त्यांच्या आईच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. दोन दुपारी आम्ही त्या वाचल्या. १९५३ च्या दिवाळीच्या पानावर पणत्या, गोडं तेल, मुलांचे कपडे, भाऊबीजेची ओवाळणी, आणि सगळ्यांत शेवटी मंगळबाजारातून घेतलेली हाताची काचेची फुलदाणी, दोन रुपये चार आणे.

मी काही बोललो नाही. मावशींनी चष्मा पुसून ती ओळ परत वाचली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आई हिला कुणाला हात लावू देत नसे. स्वतः धुवायची." मग म्हणाल्या, "त्या पानावर तिनं स्वतःसाठी घेतलेलं एवढंच आहे बघा."

महाराजांनी वडिलांना काही दिलं असेल, ते मी नाकारत नाही. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर आपल्या किती घरांत एखादी वस्तू 'महाराजांची' होऊन बसली, हे मोजायला हवं. गेलेल्या राज्याचा धागा म्हणून लोकांनी त्या जपल्या. त्यात खोटेपणा नव्हता. पण या एका वस्तूवर महाराजांचं नाव चढलं तेव्हा घेणाऱ्या बाईचं नाव पुसलं गेलं, हेही खरं.

फुलदाणी आता मावशींच्या टेबलावर आहे. पुतण्यांना मी सगळी मापं, सांध्याचा फोटो आणि वहीच्या पानाची नक्कल पाठवली. बाजारात हिची किंमत फार तर काही हजार, हे कळल्यावर फोन थांबले. बुडाखाली मावशींनी चिठ्ठी चिकटवायला सांगितली. तिच्यावर फिरोजाबाद, १९५३, आणि खाली आईचं नाव.

सभासदांना विनंती. घरात अशी झाक असलेली काच असेल तर ती घासू नका, उन्हात धरून सांधा बघा, आत बोट घाला, बूड भिंगाखाली पाहा. आणि तिच्याबरोबर घरातल्या जमाखर्चाच्या वह्या असतील, तर त्या भंगारात देण्याआधी मला एक फोन करा.