प्लेगची लस आणि सरकारचा हात

१८९६-९७च्या प्लेगवरील मराठी लेखन वाचताना एक गोष्ट नेहमी खटकते. रँडवर लिहिणाऱ्यांना लसीचे भान नसते आणि लसीवर लिहिणारे रँडला तळटीपेत ढकलतात. त्यामुळे 'अडाणी जनतेने लस नाकारली' हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून निर्वेध चालत आले आहे. वर्गात विद्यार्थीही ते म्हणून दाखवतात, आणि ते खोडून काढायला तास पुरत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काम करून त्यांनी लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला.

शास्त्राचे काम असे झपाट्याने चालले असताना राज्ययंत्रणेचे काय चालले होते? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. सरकारला हवे ते उपाय योजण्याची मुभा त्याने दिली, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असेही कलम घातले. पुण्यात रँडच्या समितीने घरझडतीसाठी गोरे सोल्जर आणले. स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांसकट शिरणे, बायकांची परक्या पुरुषांसमोर तपासणी, सामानाची होळी, घरच्यांची वेगळ्या छावणीत रवानगी हे सारे लस पुण्यात मोठ्या प्रमाणावर पोचण्याआधीच लोकांनी सोसले होते. लोकांना सरकारी वैद्यकाची ओळख झाली ती अशी. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी काय केले, ते सर्वांना ठाऊक आहेच.

येथे टिळकांची भूमिका नीट पाहण्याजोगी आहे. ते प्लेगच्या काळात पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी वेगळे रुग्णालय उभारण्यात पुढे होते, आणि स्वच्छतेच्या उपायांना त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो अंमलबजावणीच्या रीतीला. तिकडे सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता मार्च १८९७ मध्ये प्लेगनेच गेल्या. उपचार नको असलेला समाज असा नसतो.

अफवा मात्र अफाट होत्या. इस्पितळात माणसांची 'मोमियाई' काढतात, असे मुंबईत बोलले जाई. पंजाबात तर टोचण्याची सुई हातभर लांब असते आणि टोचून घेणारा निर्बीज होतो, अशी बोलवा होती. हसू येते खरे. पण घरातला माणूस उचलून नेला आणि पुन्हा दिसलाच नाही, हा अनुभव गाठीशी असलेल्याला मोमियाई फारशी अशक्य वाटत नसावी.

याच मुंबईत खोजा समाजाचे उदाहरण उलट आहे. तरुण आगाखानांनी हाफकिनना कामासाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली, आणि आपल्या अनुयायांदेखत स्वतः लस टोचून घेतली. त्यानंतर त्या समाजातील लोक मोठ्या संख्येने पुढे आले. लस तीच होती, शहरही तेच. तिची हमी देणारा माणूस मात्र त्यांचा होता.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातील या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या गावी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर टाकला आणि हाफकिन निलंबित झाले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली ती जुलै १९०७ मध्ये. मधल्या पाच वर्षांत पंजाबात प्लेगने लाखो माणसे मेली, आणि लसीकरणाची मोहीम सावरली नाही. माझ्या मते सरकारचा खरा अपराध चिमट्याचा नव्हे, तो या पाच वर्षांचा आहे.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव दिले गेले. १८९७चा कायदा मात्र तसाच टिकला. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी तोच बाहेर काढावा लागला, आणि अधिकाऱ्यांना संरक्षण देणारे कलमही त्यात जागच्या जागी होते.