उरुळीचा उपचार आणि घरातलं मीठ

दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की पाटस, केडगाव, यवत ही स्टेशनं मागं पडतात आणि उरुळी येते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते स्टेशन शेकडो वेळा पाहिलं असेल. शिरूरकडच्या मंडळींना थोडी वाट वाकडी करावी लागते, एवढंच. या उरुळी कांचनला २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी आले आणि ३० मार्चपर्यंत राहिले.

दिवस कसले होते पाहा. ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ २४ मार्चला दिल्लीत दाखल झालं. देशाच्या स्वातंत्र्याची बोलणी दारात येऊन ठेपली होती. आणि शहात्तर वर्षांचा हा म्हातारा खेड्यातल्या रोग्यांना मातीची पट्टी आणि कटिस्नान सांगत बसला होता! गरिबांसाठी निसर्गोपचाराचं केंद्र पुण्यात, डॉ. दिनशा मेहतांच्या संस्थेत काढावं, असा आधी त्यांचा विचार होता. पण गरीब माणूस शहरात येऊन उपचार कधी घेणार? ही चूक ध्यानात आल्यावर त्यांनी बेत मोडला आणि उरुळी गाठली. गावचे महादेव तात्याबा कांचन यांनी त्या कामाला जमीन दिली.

उपचार तरी काय होते? सूर्यस्नान, कटिस्नान, घर्षणस्नान, ताक, दूध, फळांचा रस, भरपूर पाणी, आणि रामनाम. यात महागाचं काही नाही. मात्र एक अट अवघड होती. रोगी बरा होऊन घरी गेल्यावर त्याने अशा रीतीने राहायचं, की तो पुन्हा आजारीच पडू नये. म्हणजे खरा उपचार घरी गेल्यावर सुरू व्हायचा. आता हे घरी कसं टिकायचं? आपलं सगळ्यांचं घोडं तिथंच अडतं. चार दिवस पहाटे उठून चालायचं, पाचव्या दिवशी पांघरूण ओढून घ्यायचं.

गांधीजींची स्वतःची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यांना बद्धकोष्ठ होतं, अधूनमधून डोकं दुखे. मँचेस्टरला सकाळची न्याहारी सोडलेल्या लोकांनी मंडळ काढल्याचं त्यांच्या वाचनात आलं, आणि त्यांनी न्याहारी सोडून पाहिली. डोकेदुखी थांबली. हा झाला दुखण्याने शिकवलेला धडा. पण दुसरा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. कस्तुरबांना रक्तस्रावाचा त्रास होता. शस्त्रक्रिया झाली, तरी तो पुन्हा सुरू झाला. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितलं, पुस्तकातले आधार दाखवले, पुष्कळ विनवण्या केल्या. बा ऐकेनात. शेवटी त्या म्हणाल्या, की हे तुम्हाला कुणी सांगितलं तर तुमच्याच्याने तरी सोडवेल का? गांधीजींनी तिथल्या तिथं एक वर्षासाठी दोन्ही सोडलं. तू सोड वा न सोड, म्हणाले. बा घाबरल्या, शब्द मागं घ्या म्हणून रडल्या. पण शब्द गेला होता. मग बांनीही सोडलं, आणि त्यांचा रक्तस्राव थांबला. मीठ-डाळ सोडल्यानेच थांबला, की दुसऱ्या कशाने, हे स्वतः गांधीजींनीही छातीठोक सांगितलेलं नाही. पण त्यांचा तो नेम वर्ष संपल्यावरही कित्येक वर्षे चालला.

डोकेदुखी थांबली की माणूस विसरतो. घरच्या माणसाला दिलेला शब्द रोज ताटावर समोर येऊन बसतो. असा मी याचा अर्थ लावतो. कुणी वेगळा लावील.

गैरसमज नको म्हणून एक सांगतो. याच गांधीजींनी १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तेव्हा हे ऐकून कुणी डॉक्टरांच्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत.

गांधीजी दिल्लीला गेले. मागं राहिले मणिभाई देसाई. सुरत जिल्ह्यातला, विज्ञानाचा पदवीधर, अजून सव्वीस पुरे न झालेला तरुण. उरुळीलाच जन्म काढीन, असा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता, आणि १९९३ साली देह ठेवीपर्यंत पाळला. सत्तेचाळीस वर्षे! पण ते नुसते आश्रमात बसले नाहीत. रोग्याला दूध घे म्हणून सांगायचं, आणि त्याच्या गोठ्यात वाटीभर दूध देणारी गाय नाही, हा कसला उपचार? म्हणून ते गाईंच्या पैदाशीकडे वळले, आणि १९६७ साली त्यांनी जी संस्था काढली ती ‘बाएफ’ या नावाने आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपल्या मुलखाचं दुखणं उलटं झालं आहे. दौंड भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, गुऱ्हाळं धुमसतात, शिरूरच्या बाजारात चार माणसं भेटली की चार वेळा गोड चहा. पूर्वी पोटाला मिळत नव्हतं म्हणून माणूस खंगे. आता रक्तातली साखर वाढली म्हणून तो दवाखान्याच्या बाकावर बसतो. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं हे गरिबीचं खाणं म्हणून आपणच दूर सारलं.

मी इतिहास शिकवतो. मीठ सोडण्याचा तो प्रसंग वर्गात कितीदा तरी सांगितला आहे, आणि तास संपल्यावर प्राध्यापकांच्या खोलीत दोन चमचे साखरेचा चहा घेतला आहे. तीन वर्षांपूर्वी आईच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं. मी तिला समजावू लागलो, तक्ता करून भिंतीला लावला. तीन-चार दिवस ती काही बोलली नाही. मग चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “तू सोडून दाखव की आधी.”

बांचं वाक्य तिने कुठं वाचलं असणं शक्य नाही. तिला अक्षरओळख बेताची. मी तो कप खाली ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात चहा बिनसाखरेचा होतो. पहिला महिना फार वाईट गेला, हे कबूल करतो. आईची साखर आता बरीच आटोक्यात आहे; गोळ्या चालूच आहेत. दुपारी ती शेजारच्या काकूंकडे जाते, तिथं अर्धा कप गोड चहा होत असावा असा मला संशय आहे. मी अजून विचारलेलं नाही.