न आलेली आवृत्ती

डेबियन लिनक्स असलेल्या संगणकावर ‘ॲप्ट चेंजलॉग मेक’ एवढं टाइप केलं, की मेक या अवजाराच्या पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदी उघडतात. नवी नोंद वर, जुनी खाली. आधी पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती, मग एकेका चांदणीपुढे एकेक बदल. शेवटच्या ओळीत एक मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, करणाऱ्याचं नाव, ईमेल, मग नेमक्या दोन मोकळ्या जागा आणि तारीख-वेळ. त्या दोन जागांपैकी एक जरी सुटली, तरी पॅकेज बांधताना तक्रार येते.

मी माजरी या खाणींच्या गावची. माझे बाबा इथल्या भूमिगत खाणीत सरदार, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, होते. पाळी संपली की छत कुठे सैल वाटलं, टेकू कुठे दिला, हवा कुठे कमी आहे, हे सगळं वहीत लिहून खाली सही करायची आणि पुढच्या पाळीच्या माणसानं ते वाचूनच कामाला लागायचं. चेंजलॉग मी त्याच वहीसारखा वाचते. आधीच्या माणसानं काय केलं, हे त्यात कळतंच; काय करायचं टाळलं, हेही कळतं. मेकच्या बाबतीत मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

मेक जन्मलं 1976 साली, बेल लॅब्जमध्ये. स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ बरोबर असलेल्याच प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात वाया गेली होती. दुरुस्ती झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. ते तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले आणि त्यातून फेल्डमननी मेक लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा ‘मेकफाइल’मध्ये लिहून ठेवायचं; जे जुनं झालं असेल तेवढंच मेक नव्यानं बांधतं. या कामासाठी 2003 साली फेल्डमनना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. आज लिनक्सवर चालतं ते ग्नू मेक रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅकग्रा यांनी लिहिलेलं. पुढे ते पॉल स्मिथ यांच्या हाती आलं.

16 ऑगस्ट 1993 रोजी इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजच्या सोर्ससोबत ‘रूल्स’ नावाची एक फाइल असते आणि ती मेकफाइलच असली पाहिजे असा नियम आहे. आतला प्रोग्रॅम सीमेकनं बांधा की मेसननं, दार उघडतं ते मेकच. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सनं 2021 मध्ये, 34 व्या आवृत्तीत, मेकला बांधणीच्या ठरलेल्या सामानातून काढलं. ज्याला हवं त्यानं तसं लिहून मागावं. डेबियननं तसं केलेलं नाही. त्यामुळे डेबियनच्या मेकमध्ये फट पडली, तर हजारो पॅकेजं एकदम अडकू शकतात.

डेबियनमधलं मेकचं पॅकेज दीर्घकाळ मनोज श्रीवास्तव यांनी सांभाळलं. डेबियनचे सचिव म्हणूनही त्यांनी अनेक वर्षं काम केलं. सोर्स पॅकेजचं नाव नुसतं ‘मेक’ नाही, ‘मेक-डीएफएसजी’ आहे; डीएफएसजी म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याचे डेबियनचे निकष. ग्नू मेकच्या पुस्तिकेच्या परवान्यात मुखपृष्ठावरचा आणि मलपृष्ठावरचा ठरावीक मजकूर बदलायला मनाई आहे. न बदलता येणारे भाग असलेली अशी कागदपत्रं मुक्त धरायची नाहीत, असं 2006 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानानं ठरवलं. म्हणून प्रोग्रॅम मुख्य भांडारात राहिला आणि पुस्तिका ‘नॉन-फ्री’ विभागात. शिकणाऱ्याला हे गैरसोयीचं आहे. पण नियम स्वतःच्या सर्वांत जवळच्या अवजारालाही लावला, याचा मला आदर वाटतो.

आता न आलेल्या आवृत्तीबद्दल, म्हणजे 3.82 बद्दल. ग्नू मेक 3.81 आलं एप्रिल 2006 मध्ये, 3.82 जुलै 2010 मध्ये. नव्या आवृत्तीनं काही जुन्या सवयी मोडल्या. जुन्या लिनक्स कर्नलच्या मेकफाइलमध्ये दोन प्रकारचे नियम एकाच ओळीत होते, 3.81 ते चालवून घेई, 3.82 नं काम तिथेच थांबवलं. दुसरा बदल बारीक आणि म्हणून जास्त त्रासाचा. ‘वाइल्डकार्ड’नं फाइलींची यादी मागितली की ती आधी वर्णक्रमानं मिळे. तसं आश्वासन पुस्तिकेत कुठेही नव्हतं, पण लोक त्यावर विसंबले होते. 3.82 पासून क्रम डिस्कवर असेल तसा येऊ लागला. फाइली वेगळ्या क्रमानं जोडल्या गेल्या की त्याच सोर्समधून दोन यंत्रांवर दोन वेगळे प्रोग्रॅम तयार होऊ शकतात.

डेबियनच्या एकाही स्थिर आवृत्तीत 3.82 आलं नाही. 2007 च्या ‘एच’ नावाच्या आवृत्तीत 3.81. 14 फेब्रुवारी 2009 च्या लेनीमध्येही 3.81. 2011 च्या स्क्वीझमध्ये तेच, मे 2013 च्या व्हीझीमध्येही तेच. व्हीझीतल्या पॅकेजचा आकडा आहे 3.81-8.2. 3.81 हा मूळ लेखकांचा आकडा, 8 म्हणजे डेबियनची आठवी फेरी, आणि शेवटचा .2 सांगतो की त्या फेरीनंतर दोनदा सांभाळणाऱ्याऐवजी दुसऱ्याच कुणी हात लावून पॅकेज पुढे ढकललं. सात वर्षांचा मामला एवढ्या आकड्यांत मावतो. एप्रिल 2015 मध्ये जेसी आली तेव्हा एकदम 4.0 आलं. याला कुणी आळस म्हणेल. मी म्हणणार नाही. अवजार मागं ठेवलं म्हणून त्यावर उभी असलेली पॅकेजं बांधली जात राहिली.

क्रमाचा प्रश्न मुळातच सुटायला जानेवारी 2020 उजाडलं. 4.3 मध्ये वाइल्डकार्डची यादी पुन्हा वर्णक्रमानं येऊ लागली आणि ऑगस्ट 2021 च्या बुल्सआयमधून ती डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचली. मधल्या काळात सगळीकडे लोकांनी आपापल्या मेकफाइलमध्ये यादीभोवती ‘सॉर्ट’ घातला होता. माझ्याही मेकफाइलींत तो आहे. आता तो नको, असं सुचवणारे भेटतात. मी काढत नाही. 4.1 असलेली डेबियन स्ट्रेच आणि 4.2.1 असलेली बस्टर अजून कुठल्यातरी कॉलेजच्या लॅबमध्ये चालू असणार, आणि माझी फाइल तिथेही त्याच क्रमानं बांधली जायला हवी.