काळ्या मातीतले कोर्ट आणि रिद्धपूरची स्मरणरीत

मराठीच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांना घेऊन रिद्धपूरला जायचे ते राजमठ पाहायला, म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्राची जुळणी केली ती वाजेश्वरीची जागा दाखवायला. मोर्शी तालुक्यातल्या या गावी आम्हीही अनेकदा गेलो. 2024 पासून तिथे मराठी भाषा विद्यापीठ कामाला लागल्यावर या फेऱ्या वाढल्या. अशाच एका फेरीत, परतीच्या बसमध्ये, एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, लीळा म्हणजे खेळच ना? मग खेळाचा इतिहास कुणी का लिहीत नाही?’ प्रश्न भाबडा वाटला, पण अमरावती येईपर्यंत आम्हाला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही निवडलेला खेळ मात्र महानुभावांच्या काळातला नाही. तो आमच्या लहानपणीच्या अमरावतीतला, गल्लीच्या टोकावरचा बास्केटबॉल आहे.

बास्केटबॉलची जन्मकथा सर्वज्ञात आहे. 1891 च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपल्यांना बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला की कुणीतरी शिडी लावून तो काढायचा, आणि मग खेळ पुढे सुरू. खेळणाऱ्यांची संख्या, टोपलीची उंची, पहिल्या सामन्याची तारीख हे सारे इतिहासाने टिपले. शिडीवर चढणाऱ्याचे श्रम मात्र एका वाक्यात आटोपतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा खेळ भारतात रुजला तो मुख्यतः वायएमसीएच्याच वाटेने. हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तिथून शिकून निघालेल्या शिक्षकांबरोबर तो शाळाशाळांत पोचला. वऱ्हाडात मात्र त्याच्याआधी आखाडा होता. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 साली, ऑलिंपिकच्या निमित्ताने, बर्लिनमध्ये कबड्डी, खो-खो, मल्लखांब या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. योगायोग असा की बास्केटबॉललाही ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा जागा मिळाली ती त्याच बर्लिनमध्ये. म्हणजे आमच्या गावची माती आणि हा परदेशी चेंडू एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात पाहुणे होते.

त्या ऑलिंपिकचा अंतिम सामना टेनिसच्या उघड्या, मातीच्या मैदानावर झाला. पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला, चेंडू आपटला तरी उसळेना. अमेरिकेने कॅनडाला 19–8 असे हरवले. जेमतेम सत्तावीस गुणांचा सामना! हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्हाला हसू आले, कारण वऱ्हाडातल्या पोरांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. आमची जमीन कपाशीची, काळी. पावसाळ्यात ती पायाला चिकटून येते, उन्हाळ्यात बोटभर भेगा पडून फाटते. कबड्डीला, कुस्तीला मऊ माती आईसारखी; बास्केटबॉलला ती वैरीण. या खेळाला कठीण, सपाट जमीन हवी, म्हणजे मुरूम हवा, रोलर हवा, जमल्यास सिमेंट हवे. हे ज्याच्या कुंपणात, त्याच्या ताब्यात खेळ. कबड्डीला एक काठी आणि तिने ओढलेली रेघ पुरते. बास्केटबॉलला संस्था लागते. खेळाच्या नियमपुस्तकात ही अट कुठेही लिहिलेली नाही, पण ती आमच्या मातीतच लिहिलेली होती.

आमचे कोर्ट एका शाळेच्या मागच्या आवारात होते. दोन लोखंडी खांब, फळ्या ठोकून केलेला बोर्ड, जाळीविना रिंग. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुरमाची एक ट्रॉली येऊन पडे, ती पसरली जाई, वर पाणी मारून रोलर फिरे, फक्कीने रेषा आखल्या जात. दर वर्षीच्या भरावाने जमीन वर येई आणि रिंग तेवढी खाली. दोन-तीन वर्षांत रिंगेशी हात पोचू लागला तेव्हा आपण उंच झालो असेच आम्ही मानत असू. मे महिन्यात सकाळी सातनंतर चेंडूला हात लावणे कठीण. म्हणून खेळ पहाटे, नाहीतर दिवेलागणीला. भारनियमनाच्या दिवसांत दिवे गेले की चेंडूच्या आवाजावरून पास द्यायचा. हरलेला संघ बाहेर, जिंकलेला आत, आणि लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घ्यायचे, हे आमचे कायदे. शिट्टी नव्हती, पंच नव्हता. फाउल कुणाचा यावर दहा मिनिटे वाद आणि मग पुन्हा खेळ. मुली पाचच्या आधी येत. पाच वाजले की कुणी न सांगता त्या बाजूला होत, आणि आम्हाला ती सृष्टीची रीतच वाटे.

आज तिथे वाहने उभी राहतात. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. अशी उदाहरणे अमरावतीत आहेत तशी अकोल्यातही सापडतील. एक खांब मात्र अजून उभा आहे, त्याला दिवा बसवला आहे. काही वर्षांपूर्वी त्या खांबाजवळ आम्ही जुने सवंगडी जमलो. बोलणे साहजिकच ‘तेव्हा कसे सगळे एकत्र खेळायचे’ या वळणावर गेले. जात विचारली नाही, पैसा पाहिला नाही, वगैरे. आमच्यात एक जण उशिरा आला होता. शाळेच्या भिंतीपलीकडे नाला होता आणि नाल्यापलीकडे वस्ती. तो त्या वस्तीतला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, ‘बाप्पा, मी कुठं खेळलो? मी तर नाल्यातून चेंडू आणून द्यायचो.’

आम्ही आठवू लागलो. चेंडू भिंतीवरून गेला की त्याच्या नावाने हाक जाई, हे खरे. तो चेंडू पँटीला पुसून परत फेकी, हेही खरे. पण तो संघात असल्याचा एकही डाव आम्हाला आठवेना. त्याला कुणी नको म्हटले नव्हते. त्याला कुणी ये म्हटले नव्हते, एवढेच. शिडीवर चढणारा माणूस स्प्रिंगफील्डला होता तसा आमच्याकडेही होता. आणि आमच्या आठवणीने त्याला खेळाडूंत मोजून स्वतःचे समाधान करून घेतले होते.

इथे रिद्धपूर पुन्हा आठवते. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना, ऐकणाऱ्यांना गाठून, विचारून. एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांतली एक पुसून टाकावी, असे त्या परंपरेने केले नाही. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची तशी, म्हणून पाठभेद जपले. पुढे चौदाव्या शतकातल्या स्थानपोथीने तर जागांचीच नोंद केली: कोणते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या ठिकाणी कोण बसले. गोविंदप्रभूंच्या चरित्रात ‘खेळ’ हा शब्द पदोपदी येतो, आणि त्या खेळाला गावाच्या वेशीतली एकही वस्ती वर्ज्य नाही. मातंगांच्या घरी जातानाही प्रभूंच्या पायात अडखळ नाही. आणि चक्रधर? भरुचच्या प्रधानाचा हा मुलगा द्यूतात हरला, कमळाइसेने दागिने द्यायचे नाकारले, त्यातून विरक्ती आली, रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सुटले आणि पावले रिद्धपूरला लागली. एका हरलेल्या डावाचे मराठी गद्यावर केवढे ऋण आहे!

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता थोडे सुचते. खेळाचा इतिहास लिहिला जातो, पण तो चषकांचा, निवड समित्यांचा, बर्लिनचा. मुरमाच्या कोर्टाचा इतिहास कागदावर नसतो, तो माणसांत असतो; आणि तो फक्त खेळलेल्यांना विचारला तर अर्धाच हाती येतो. पाच वाजता बाजूला झालेल्या मुलींची वासना वेगळी, नाल्यात उतरलेल्याची वेगळी. त्या शेजारी शेजारी लिहाव्या लागतील.

यंदा आम्ही विद्यार्थ्यांना काम दिले आहे: आपल्या गल्लीतल्या एका बुजलेल्या मैदानाची स्थानपोथी करा. खांब कुठे होता, भिंत किती उंच, चेंडू कुठे पडायचा आणि तो कोण आणायचे. पहिली नोंद आम्ही स्वतः आमच्या कोर्टाची केली. ती त्या मित्राला वाचून दाखवली. त्याने एकच दुरुस्ती सुचवली: नाला भिंतीला लागून नव्हता, वीस पावले दूर होता.