‘फसली’ म्हणजे कोणती?

शिवकालीन राजव्यवहारकोशानें फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु शब्द परका असला तर वाचक निदान थांबतो व अर्थ विचारतो. ओळखीचा शब्द दोन अर्थांनीं वापरला गेला, म्हणजे तो न थांबतां आडवाटेस लागतो. आजचें छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील जुन्या जमिनीच्या कागदांतील ‘फसली’ हा शब्द आम्हांस याचें चांगलें उदाहरण वाटतो.

फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. तें ऋतूंशीं जुळत नाहीं, आणि सारा तर पिकावर घ्यावयाचा. म्हणून अकबराच्या कारकीर्दींत हिजरी ९६३, म्हणजे इ. स. १५५६, हा मूळ आंकडा धरून सौर गणना चालू झाली. दख्खनेंत ही रीत शहाजहानच्या अमदानींत, १६३६ मध्यें आली. पण येथें मूळ आंकडा धरला तो त्या वेळच्या हिजरी सनाचा, १०४६. मधल्या ८० सौर वर्षांत चांद्र वर्षें ८२ हून अधिक झालीं होतीं. त्यामुळें नांव एकच राहून सनांत दोन वर्षांहून अधिक अंतर पडलें.

आरंभाचा दिवसहि एक नव्हता. मुंबई इलाख्यांत फसली वर्ष मृगाला, जूनमध्यें लागे. हैदराबाद संस्थानांत आजुर महिन्याबरोबर, ऑक्टोबरच्या आरंभीं. म्हणून ऑगस्ट १९०७ हा महिना मुंबईच्या रीतीनें फसली १३१७ मध्यें येतो, औरंगाबादेच्या रीतीनें १३१६ मध्यें. उत्तरेकडील १३१७ तर १९०९ सालीं सुरू झालें!

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. निजामी अमलांतील औरंगाबादेचें खरेदीखत कोणीं उत्तरेच्या कोष्टकानें वाचलें, तर तें दोन वर्षें अलीकडचें दिसतें. लिहून देणारा त्या अवधींत वारला असेल, तर मेलेल्या माणसानें सही केली असा भास होऊन खरा कागद बनावट ठरावयाचा, आणि नातवाची जमीन धोक्यांत यावयाची.

संगणकाच्या आज्ञावल्या बांधणाऱ्या साधनांच्या माहितीपुस्तकांतहि हाच घोळ आढळतो. ‘मेक’ या साधनांत ‘टार्गेट’ म्हणजे बहुधा तयार करावयाची फाइल. कंपायलरच्या परिभाषेंत ज्या यंत्रासाठीं आज्ञावली करावयाची, तें यंत्र. दोन्ही ठिकाणीं नवा शब्द घडविण्याची गरज नाहीं. शब्द प्रथम येतो तेथेंच तो कोणत्या अर्थीं घेतला आहे, हें एका ओळींत सांगावें. ती ओळ लिहिण्याचा आळस लेखक करतो; भुर्दंड मात्र वाचकास भरावा लागतो.