नेपोलियनची बग्गी आणि घरोघरच्या पटाश्या

लाकडातून वाहनांच्या प्रतिकृती कोरण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला गेला आहे; परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत त्याला जे संघटित, शिस्तबद्ध आणि देशव्यापी रूप लाभले, ते अन्यत्र क्वचितच आढळते. ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ या नावाने १९३० ते १९६८ या काळात चाललेल्या स्पर्धेत अमेरिकेतील लाखो मुलांनी नाव नोंदवले आणि त्यांतील हजारोंनी घरातल्या तळघरात किंवा शाळेच्या सुतारवर्गात बसून आधी राजेशाही बग्ग्या व पुढे स्वतःच्या कल्पनेतील मोटारी कोरल्या. गिल्ड म्हणजे मध्ययुगीन युरोपातील कारागिरांचा संघ. आपल्याकडील प्राचीन श्रेणींप्रमाणेच तो उमेदवारांना धंद्याचे शिक्षण देई, कामाचा दर्जा ठरवी आणि कसोटीस उतरलेल्यालाच निष्णात कारागिराचा मान देई. एका मोटार कंपनीने हे नाव आपल्या स्पर्धेसाठी निवडले, त्यामागे जाहिरातीचा हेतू निश्चितच होता. तथापि या उपक्रमाचा इतिहास केवळ जाहिरातीचा इतिहास म्हणून लिहिणे अपुरे ठरेल, कारण ज्या दशकात कारखान्यातून लाकूड आणि लाकडावर काम करणारा हात हद्दपार होत होता, नेमक्या त्याच दशकात त्या कारखान्याच्या मालकांनी मुलांच्या हाती पटाशी दिली.

फिशर घराण्याची मुळे ओहायो राज्यातील नॉरवॉक या छोट्या गावात होती. तेथे लॉरेन्स फिशर लोहारकाम आणि घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय करीत आणि त्यांच्या सातही मुलांनी हे काम घरातच पाहिले. थोरले फ्रेडरिक व त्यांचे बंधू चार्ल्स यांनी १९०८ मध्ये डेट्रॉइट येथे फिशर बॉडी कंपनी स्थापन केली. त्या काळी मोटार तयार करणारे कारखाने इंजिन व सांगाडा बनवीत आणि वरचा भाग, म्हणजे बसण्याची जागा, दारे, छत असा सारा साज, बहुधा बाहेरून बांधून घेत. हा साज म्हणजेच ‘बॉडी’ आणि ती बांधणारे कारागीर बव्हंशी घोडागाडीच्या धंद्यातूनच आलेले होते. फिशर बंधूंनी घोडागाड्यांची पद्धत तशीच न उचलता मोटारीला बसणारे धक्के आणि हादरे लक्षात घेऊन बॉडीची रचना केली, आणि उघड्या मोटारींच्या त्या जमान्यात १९१० मध्ये कॅडिलॅकने त्यांच्याकडे १५० बंदिस्त बॉडींची मागणी नोंदवली. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये कंपनीचा साठ टक्के हिस्सा घेतला आणि १९२६ मध्ये संपूर्ण कंपनी आपल्यात विलीन करून घेतली.

या बॉडींची बांधणी समजून घेतल्याशिवाय पुढील कथा उलगडत नाही. मॅपल, ॲश यांसारख्या टणक लाकडाची चौकट आधी उभी केली जाई आणि तिच्यावर पोलादी पत्रा ठोकून बसवला जाई. बाहेरून धातूची दिसणारी मोटार आतून सुताराचे काम असे. म्हणूनच फिशर कंपनीने १९२० च्या दशकात जे बोधचिन्ह स्वीकारले, त्यात मोटारीचा मागमूसही नव्हता. नेपोलियनचा १८०४ मधील राज्याभिषेक आणि १८१० मधील मारी लुईझशी झालेला विवाह, या दोन प्रसंगी वापरलेल्या शाही बग्ग्यांच्या मिश्रणातून रेखाटलेली एक नक्षीदार बग्गी हेच कंपनीचे चिन्ह होते. जनरल मोटर्सच्या मोटारींच्या दाराखालील पट्टीवर ती बग्गी कोरलेली असे, आणि ग्राहकाला तिने एकच गोष्ट सांगायची होती, की ही मोटार जुन्या गाडीकारांच्या तालमीत तयार झालेली आहे.

१९३० मध्ये गिल्डची स्थापना झाली तेव्हा महामंदीचे पहिले वर्ष सरले नव्हते. स्पर्धा १२ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी असून तिचे कनिष्ठ आणि वरिष्ठ असे दोन गट होते. बॉय स्काउट चळवळीचे ज्येष्ठ नेते डॅनियल कार्टर बियर्ड यांचे नाव गिल्डशी मानाने जोडले गेले आणि शाळांतील हस्तकला-शिक्षकांमार्फत ही वार्ता गावोगावी पोचली. पहिल्या स्पर्धेसाठी पाच हजार डॉलरच्या चार शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. नवी शेवरोले मोटार सहाशे डॉलरच्या आत मिळत असताना आणि असंख्य कुटुंबांची मिळकत बंद पडलेली असताना या रकमेचा अर्थ घरातील एका मुलाचे संपूर्ण महाविद्यालयीन शिक्षण असा होता. १९३१ मधील विजेत्यांपैकी डोनाल्ड बर्नहॅम पुढे वेस्टिंगहाउस इलेक्ट्रिक या कंपनीच्या प्रमुखपदी पोचले, यावरून त्या शिष्यवृत्तीचे मोल लक्षात यावे.

स्पर्धकाला घडवायची होती ती कंपनीच्या चिन्हातील बग्गीच. नाव नोंदवलेल्या मुलाला मोजमापांसह तपशीलवार आराखडे पाठवले जात आणि त्यांत स्वतःच्या कल्पनेला जागा नसे. आराखड्याशी प्रतिकृती किती तंतोतंत जुळते आणि काम किती सफाईचे आहे, यांवरच परीक्षक गुण देत. बैलगाडीच्या चाकाची घडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचा कस केवळ चाकावरून समजेल. चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यात सारख्या अंतरावर रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना धरून ठेवणारे बाकदार लाकडी तुकड्यांचे कडे आणि त्यावर चढवलेली धातूची धाव, ही सारी रचना तळहातावर मावेल एवढ्या आकारात साधायची, पुढची दोन चाके लहान व मागची दोन मोठी ठेवायची आणि चारही आसांवर न डगमगता फिरली पाहिजेत असे पाहायचे. एका आऱ्याचे छिद्र केसभर तिरके पडले तरी चाक लंगडे फिरे आणि मग सगळे आरे काढून तुंबा नव्याने कोरावा लागे. त्याखेरीज उघडमीट होणारी दारे, आतील कापडी गादीकाम, भिंतींवरची उठावाची नक्षी आणि धातूची सजावट ही सर्व कामे मुलाने स्वतःच्या हातांनी करायची होती. म्हणजे एकाच मुलाला सुतार, लोहार, शिंपी आणि रंगारी या चारही भूमिका निभवाव्या लागत, आणि अनेकांची एकेक बग्गी पूर्ण होण्यास वर्ष-वर्ष लागे.

अशा कामात नकलेखेरीज काय आहे, असा आक्षेप घेता येईल. पण परंपरागत कारागिरीचे शिक्षण सर्वत्र नकलेनेच सुरू होते. गुरूने दाखवलेली वस्तू हुबेहूब उतरवता आल्याशिवाय शिष्याला स्वतःचे काही करू देत नाहीत. या दृष्टीने बग्गीची स्पर्धा गिल्ड या नावाशी प्रामाणिक होती. तिची खरी मर्यादा वेगळीच होती, ती म्हणजे जे कौशल्य ती शिकवत होती त्याला कारखान्यात आता गिऱ्हाईक उरले नव्हते. १९३५ च्या मोटारींसाठी फिशरने संपूर्ण पोलादी छत आणले आणि १९३७ च्या सुमारास लाकडी चौकटच काढून टाकून अवघी बॉडी पोलादाची केली. प्रचंड दाबयंत्राखाली पत्र्याचा छप्पा पडू लागला, तेव्हा सांध्यात सांधा बसवणाऱ्या हाताची गरज संपली.

याच वळणावर, १९३७ मध्ये, गिल्डने बग्गीच्या जोडीने दुसरी स्पर्धा सुरू केली. तीत मुलाने स्वतः रेखाटलेल्या भविष्यकालीन मोटारीची प्रतिकृती एकास बारा या प्रमाणात करायची होती, म्हणजे पाच मीटर लांबीची मोटार सुमारे ४२ सेंटिमीटरमध्ये उतरवायची होती. त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७ या काळात, फ्लिंट येथील फिशर बॉडीच्या कारखान्यांत कामगारांनी आत ठाण मांडून इतिहासप्रसिद्ध संप केला, आणि त्यांच्या तक्रारींत यंत्राच्या पट्ट्याबरोबर धावायला लावणाऱ्या कामाच्या गतीची तक्रार मोठी होती. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. मात्र एका बाजूला कामगाराच्या हातातून कामाची गती आणि विचार दोन्ही काढून घेतले जात असताना दुसऱ्या बाजूला मुलांना एकेका वस्तूत महिनोन्‌महिने जीव ओतण्यास सांगितले जात होते, ही विसंगती इतिहासकाराने नजरेआड करू नये.

मोटारीच्या प्रतिकृतीची कृती ही बव्हंशी जनरल मोटर्सच्या रचना विभागाच्या कार्यपद्धतीची छोटी आवृत्ती होती. हार्ली अर्ल यांनी १९२७ पासून उभारलेल्या या विभागात मोटारीचा आकार आधी मातीत घडवून पाहिला जाई. गिल्डच्या पुस्तिकाही मुलाला प्रथम रेखाचित्र, मग मातीचा नमुना आणि त्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे आकार पडताळण्यासाठी कापलेले छेद, असा क्रम शिकवीत. त्यानंतर पाइन किंवा पॉप्लरच्या फळ्या सरसाने एकमेकींवर चिकटवून ठोकळा तयार करायचा, करवतीने बाह्याकार कापायचा आणि गोल पटाशी व कानशीने फर्म्याला भिडेपर्यंत लाकूड उतरवत न्यायचे. कठीण भाग याच्याही पुढे असे. मोटारीची डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब असावी लागते, आणि चकचकीत रंग चढला की डोळ्याला न दिसलेला खळगाही प्रकाशाची रेषा मोडून उघडा पडतो; म्हणून लांबी भरणे, पॉलिश पेपरने घासणे, अस्तराचा हात देणे आणि पुन्हा घासणे हे चक्र कित्येक वेळा फिरवावे लागे. बंपर आणि जाळी पितळेतून कापून, कानसून, झिलई देऊन बसवली जाई.

दुसऱ्या महायुद्धामुळे स्पर्धा खंडित झाली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली तेव्हा बग्गीचे दिवस भरलेच होते, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ती वगळून केवळ मोटारींची स्पर्धा राहिली. आता परीक्षक हाताच्या सफाईइतकेच रेषेच्या नावीन्याला गुण देत होते. कंपनीला कारागिराऐवजी रचनाकार, म्हणजे वस्तू बनवणाऱ्यापेक्षा तिचा आकार ठरवणारा माणूस, हवा होता, आणि गिल्डने तो पुरवला. १९४७ चे राष्ट्रीय विजेते चार्ल्स जॉर्डन हे त्याचे ठळक उदाहरण होय. शिष्यवृत्तीनंतर एमआयटीतून पदवी घेऊन ते १९४९ मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. त्यांच्याप्रमाणेच गिल्डमधून आलेले अनेक तरुण पन्नास व साठच्या दशकांत त्या रचना विभागात काम करीत होते.

या उजळ बाजूबरोबर एक ठसठशीत उणीवही नोंदवली पाहिजे. स्पर्धा अखेरपर्यंत मुलग्यांपुरतीच राहिली. मुलींना प्रवेशच नव्हता, आणि मोटारीच्या रचनेचा व्यवसाय ज्या दारातून तरुणांना आत घेत होता ते दारच त्यांच्यासाठी बंद असल्यामुळे पुढील अनेक वर्षे त्या व्यवसायाचे स्वरूप एकांगी राहिले. गिल्डचे गोडवे गाणाऱ्या लेखनात याचा उल्लेख बहुधा ओझरता येतो, तो तसा असू नये.

पन्नासच्या दशकात प्लास्टिकचे तयार सुटे भाग जोडून मोटार बनवण्याचे संच बाजारात आले आणि १९५८ पासून एएमटी कंपनीच्या संचांनी मुलांना अक्षरशः वेड लावले. जे लाकडातून काढायला कित्येक महिने लागत, ते एका संध्याकाळी चिकटवून तयार होऊ लागले. गिल्डच्या स्पर्धकाला त्यातील आयता भाग वापरून चालत नसे; त्यामुळे लाकूड कोरणारी मुले हळूहळू अधिक जिद्दी, परंतु वेगळी जमात ठरत गेली. १९६८ मध्ये स्पर्धा बंद करण्यात आली. स्वतः स्पर्धक राहिलेल्या जॉन जेकोबस यांनी पुढे गिल्डचा सचित्र इतिहास लिहिला, आणि वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाने काही प्रतिकृती आपल्या संग्रहात घेतल्या. जनरल मोटर्सचा फिशर बॉडी विभाग १९८४ मध्ये विसर्जित झाला. दोनच वर्षांनी जॉर्डन रचना विभागाचे प्रमुख झाले आणि १९९२ मध्ये निवृत्त होईपर्यंत कंपनीच्या प्रत्येक नव्या मोटारीच्या आकारावर त्यांचा शब्द चालत होता.